विवाहाविना वास्तव्य : युरोपातील कायदा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही हा विषय सुचवला तेव्हा आपले चिटणीस क्षणभर गप्प झाले. पण गेल्या दोन वर्षांत आपल्याच मंडळातील दोन घरांतून, दार लोटून घेऊन, आम्हांला हाच प्रश्न विचारला गेला. मुलगी नेदरलँड्समध्ये एका फ्रेंच मुलासोबत राहते, लग्न नाही, तिला तेथे राहू देतील का? आम्ही केंद्र सरकारचे नोकर. कोणाच्या वागण्याचा निवाडा आमच्या खात्यात येत नाही, कागद मात्र येतो. तेव्हा कागदापुरते बोलतो.

युरोपीय संघाचा नागरिक स्वदेश सोडून संघातील दुसऱ्या देशात राहू लागला, की त्याच्या कुटुंबीयांना २००४ चा ३८ क्रमांकाचा निर्देश लागू होतो. पती-पत्नींना त्यात हक्क आहे. नोंदणीकृत सहजीवनालाही आहे, मात्र त्या देशाने ते विवाहाच्या बरोबरीचे मानले पाहिजे. नुसते एकत्र राहणाऱ्यांसाठी भाषा निराळी आहे. नाते टिकाऊ असून रीतसर सिद्ध झाले असेल, तर जोडीदाराचा प्रवेश व वास्तव्य त्या देशाने सुकर करावे, एवढेच तिसरे कलम म्हणते. सुकर करणे म्हणजे देणे नव्हे. तथापि अर्ज केराच्या टोपलीतही टाकता येत नाही. परिस्थितीची सखोल छाननी करावी लागते आणि नकाराची कारणे द्यावी लागतात. फायलींवर शेरे मारण्यात तीस वर्षे घालवल्यावर 'कारणे द्यावीत' या शब्दांचे मोल आम्हांला कळते.

हाच मुलगा फ्रान्समध्येच राहिला असता तर हा निर्देश सहसा लागू झाला नसता; तेथे फ्रेंच कायदाच चालला असता. तेथे १९९९ पासून सहजीवनाचा नोंदणीकृत करार करता येतो, पण त्याने परवाना आपोआप मिळत नाही. जर्मन नागरिकाशी जर्मनीत राहायचे तर बहुधा विवाहाचीच वाट धरावी लागते. डच नागरिकाच्या अविवाहित जोडीदाराला परवाना मिळू शकतो, परंतु उत्पन्नाची अट आहे, आणि भारतातून जाणाऱ्याला सहसा आधी डच भाषेची व समाजाची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटन आता या हिशेबातून बाहेर आहे.

युरोपीय नागरिक म्हणजे गोराच, असेही समजू नये. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. म्हापशाचा मुलगा त्या पारपत्रावर आयर्लंडमध्ये नोकरी करीत असेल, तर त्याच्यासोबत राहणारी आपली मुलगी याच कलमात येते.

आता 'सिद्ध' म्हणजे काय? दोघांच्या नावचा भाडेकरार, सामाईक बँक खाते, एकाच पत्त्यावर येणारी बिले. प्रेमपत्रांपेक्षा विजेचे बिल बोलके ठरते. शिवाय येथून जन्माचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मागितला जाऊ शकतो, तोही अपोस्टिल केलेला. भारत २००५ पासून त्या करारात आहे. म्हणजे जी गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवायची, तिच्यासाठी वडिलांनी कचेरीत रांग लावायची. त्या दोघांपैकी एका गृहस्थांना हेच जड गेले. दाखला कशासाठी, असे कारकुनाने विचारताच ते काही न बोलता परत आले.

आम्हांला अधिक चिंता वाटते ती वेगळीच. विवाह किमान तीन वर्षे टिकला, त्यांतले एक वर्ष त्या देशात गेले, आणि मग तो मोडला, तर वास्तव्याचा हक्क काही अटींवर राखता येतो. नोंदणीकृत सहजीवनालाही तेच संरक्षण आहे. नुसत्या टिकाऊ नात्याला निर्देशाने ते दिलेले नाही. उद्या भांडण झाले, तर मुलीच्या पायाखालची जमीन त्याच दिवशी सरकू शकते.

त्या गृहस्थांना आम्ही सांगितले की मुलीला स्वतःच्या नोकरीवर परवाना मिळत असेल तर आधी तो घेऊ द्यावा. जोडीदाराचा आधार दुसरा ठेवावा. त्यानंतर ते पुन्हा कचेरीत गेले. या खेपेस सौभाग्यवती सोबत होत्या, आणि कारकुनाला उत्तर त्यांनीच दिले.