वायाहोलेचा ओढा



श्रावण लागला कीं आपल्याकडे घरोघरीं अळूच्या वड्या होतात. लग्नाच्या पंगतींत अळूचें फदफदें वाढलें जातें. एरव्हीं मोरीचें सांडपाणी जेथें जिरतें, तेथें परसांत वाढणारी ही वनस्पति. तिची पायरी आपल्या लेखीं तेवढीच! परंतु पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर हेंच अळू तेथील मूळ रहिवाशांचें पिढ्यान्‌पिढ्या मुख्य अन्न होतें. तेथें त्याला ‘कालो’ म्हणतात. त्याचे कांदे शिजवून व दगडी बत्त्यानें कुटून ‘पोई’ नांवाचें लापशीसारखें अन्न करतात. कालो हा मानवाचा थोरला भाऊ, अशी तेथली पुराणकथा आहे. थोरल्यानें धाकट्याला पोसावें व धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी, हा तिचा भावार्थ. या थोरल्या भावाच्या एका खोऱ्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ओआहू बेटावर कूलाऊ नांवाची पर्वतांची रांग आहे. वीस-तीस लाख वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या लाव्ह्यानें ती रचली गेली. आपल्या सह्याद्रीसारखाच काळा पाषाण. मात्र वयानें फारच लहान. तिच्या पोटांत, उभ्या भेगांतून वर येतां येतां थिजलेल्या लाव्ह्याच्या घट्ट भिंती आहेत. ईशान्येचे वारे माथ्यावर पाऊस पाडतात. तें पाणी सच्छिद्र खडकांत मुरतें आणि या भिंतींच्या दरम्यान, हौदांत सांठावें तसें, सांठून राहतें. तेंच पुढें झऱ्यांवाटे ओढ्यांना बारा महिने पुरतें. वायाहोले हा अशांपैकींच एक ओढा.

येथील शेतकरी ओढ्याला पाट काढून अळूच्या खाचरांत पाणी खेळवीत. एका खाचरांतून तें दुसऱ्यांत जाई व उरलेलें पुन्हा ओढ्याला मिळे. कालोला थंड व वाहतें पाणी लागतें. तें तुंबून तापलें कीं कांदे कुजतात. ओढ्यांतील ‘ओओपू’ माशांचीं पिलें समुद्रांत वाहून जातात आणि कांहीं महिन्यांनीं परत येऊन, खडकाला चिकटत चिकटत प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओढा समुद्रापर्यंत पोंचला नाहीं, तर त्यांचा वंश खुंटावयाचा. हवाई भाषेंत पाण्याला ‘वाइ’ म्हणतात, संपत्तीला ‘वाइवाइ’ आणि कायद्याला ‘कानावाइ’. पाणी हेंच धन आणि पाण्याची वाटणी हाच कायदा, हें त्या लोकांनीं आपल्या शब्दांतच सांगून ठेविलें आहे.

पर्वताच्या पलीकडच्या कोरड्या मैदानांत उंसाचे मोठमोठे मळे झाले. त्यांच्यासाठीं १९१३ ते १९१६ या काळांत डोंगर पोखरून अडीच मैलांहून लांब बोगदा काढण्यांत आला. वाटेंत त्या पाषाणाच्या भिंती फुटल्या, आणि अनेक वर्षांचा सांठा वाहून गेला. पुढें दररोज सुमारें दोन कोटी सत्तर लक्ष गॅलन, म्हणजे अदमासें दहा कोटी लिटर पाणी पलीकडे जाऊं लागलें. उंसानें हजारों मजुरांना काम दिलें हें खरें; पण अलीकडचे ओढे रोडावले आणि कित्येक खाचरें ओस पडलीं.

त्यानंतर जमिनीवरच संकट आलें. घरबांधणीच्या योजनेसाठीं कुळांना उठविण्याचा घाट घातला गेला. १९७७ च्या जानेवारींत त्यांनीं रस्ता अडवून धरला. अखेर त्याच वर्षीं सरकारनें खोऱ्यांतील सुमारें सहाशें एकर जमीन खरेदी केली आणि कुळें टिकलीं. १९९५ मध्यें पलीकडचा ऊस बंद झाला. मग या मोकळ्या झालेल्या पाण्यावर हक्क कोणाचा? पलीकडचे जमीनदार, नवे शेतकरी व इमारती बांधणारे तें मागूं लागले, अलीकडचे म्हणाले, “आमचा ओढा आम्हांला परत द्या.” तंटा चालू असतांच कांहीं पाणी ओढ्यांत सोडण्यांत आलें, आणि ओढ्याचें जीवन पुन्हा सांवरूं लागलें. २२ ऑगस्ट २००० रोजीं हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, पाणी ही सार्वजनिक ठेव आहे. सरकार तिचें केवळ विश्वस्त. वाटणीचा वाद त्यानेंही मिटला नाहीं, आणि सगळें पाणी कांहीं माघारीं आलें नाहीं. पण पाणी मागणारानेंच आपली गरज सिद्ध केली पाहिजे, ओढ्यानें नव्हे, हें तत्त्व मात्र प्रस्थापित झालें.

श्रोतेहो, ही गोष्ट आपल्याला सर्वस्वीं परकी नाहीं. वायाहोलेचा बोगदा पुरा होऊन पांच वर्षें झालीं, तोंच १९२१ सालीं आपल्या मुळशी पेट्यांतील मावळे सेनापति बापटांच्या मागें उभे राहून सत्याग्रह करीत होते. तेथेंही पाणी डोंगरापलीकडे न्यावयाचें होतें, विजेसाठीं. आणि गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. धरण झालें, वीज आली, गांवें बुडालीं. त्या विजेचा दिवा आपण लावला. तो लावतांना खोऱ्याची आठवण कितीजणांनीं केली?

डोंगराच्या एका बाजूची तहान भागवितांना दुसऱ्या बाजूला काय उरलें, हें पाहणें हें पाणी घेणाराचें कर्तव्य आहे. धाकट्या भावानें थोरल्याची निगा राखावयाची, ती अशी.