उभे राहण्याचा हक्क

(सरावली येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आताच झाला. त्या आनंदात मी सहभागी आहेच. परंतु ज्यांना या व्यासपीठाच्या पायऱ्या चढता येत नाहीत, किंबहुना ज्यांना आज घरी ठेवूनच आपण येथे आलो, त्या आपल्याच लेकरांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

पूर्वी मूल पायांनी अधू झाले की पोलिओचे नाव निघे. श्रीमती फातिमा इस्माईल यांच्या कन्येला तो रोग जडला, तेव्हा त्या मातेने १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्राचा पाया घातला. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. तथापि प्रश्न संपला नाही. आज अनेक मुलांचे अपंगत्व सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे येते.

'पायांत बळ आले की उभे राहील' असे म्हणून आपण या मुलांना निजवून ठेवतो. वस्तुतः क्रम उलटा आहे. तान्ह्या बाळाच्या खुब्याची वाटी उथळ असते. उभे राहिल्याने व चालल्याने भार पडत जातो, तशी ती खोल होते. हाडांचा कसही भारानेच वाढतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांचा खुबा जागेवरून सरकू लागतो, आणि न चालणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. म्हणून इतर मुले ज्या वयात उभी राहतात, त्याच सुमारास या मुलांनाही आधाराने उभे करावे, असे तज्ज्ञ सांगतात.

त्यासाठीच स्टँडिंग फ्रेम, म्हणजे उभे राहण्याची चौकट असते. पावलांखाली फळी, गुडघे, कंबर व छाती यांना पट्ट्यांचा आधार आणि पुढे लहानसे मेज, असे तिचे साधे रूप. आरंभी काही मिनिटे, मग सवयीने तासभर. मूल चालेलच, अशी हमी ती देत नाही. मात्र हात मोकळे होतात, आणि छताकडे पाहणारे डोळे भावंडांच्या डोळ्यांना भिडतात. हा लाभ थोडा का मानावा?

बोईसरहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. वाढत्या मुलाला कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीतून वारंवार जाणे किती माउल्यांना झेपेल? तज्ज्ञांचा सल्ला अनिवार्यच आहे. खुबा व सांधे तपासल्यावाचून कोणी चौकट वापरू नये. परंतु फिजिओथेरपिस्टने दिलेल्या मापाबरहुकूम आपल्याकडील कसबी सुतार ती खचित घडवील. मूल वाढते, चौकट अपुरी पडते. ती माळ्यावर न टाकता मंडळाकडे द्यावी, म्हणजे नवी मापे लावून दुसऱ्या लेकराच्या उपयोगी पडेल.

आणि एक विनंती. ती चौकट मागच्या खोलीत ठेवू नका, ओटीवर ठेवा. आल्यागेल्याने मुलाला नावाने हाक मारावी. पुढील संमेलनात या सभागृहातही तिला जागा असावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.