बुद्धी यंत्राची, आतडं माणसाचं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पूर्वी विचारायचे, ‘कवितेवर घर चालतं का हो?’ आता विचारतात, ‘यंत्रच कविता करायला लागलंय, मग तुमचं काय?’ पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ एवढं उत्तर पुरत असे. दुसऱ्यासाठी मात्र आज तुमची दहा-बारा मिनिटं घेणार आहे.

मी तंत्रज्ञ नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. त्यामुळे संगणकाच्या पोटात काय चालतं ते मी वाचून आणि जाणकारांना विचारून समजून घेतलं. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे आणि हे नवं यंत्र शब्दांवरच चालतं. तेव्हा थोडं बोलण्याचा अधिकार मलाही असावा.

जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका प्रस्तावात या विद्येला नाव दिलं. आपण मराठीत त्याला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणतो. लक्षात घ्या, बुद्धिमत्ता. ‘कृत्रिम मन’ असं कोणी म्हटलं नाही. मराठी माणूस बुद्धी आणि मन यांची गल्लत सहसा करत नाही. ‘बुद्धीला पटतं, पण मन घेत नाही’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. आता प्रश्न असा, की बुद्धीची कामं करणाऱ्या यंत्राला मनातलं कळतं का?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’ या संशोधक गटाने २०२१ साली मराठी ट्वीट्सचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १६ हजार ट्वीट्स होती. प्रत्येकावर खूण केलेली होती: सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ. या खुणांवरून यंत्राने शिकायचं आणि नवं वाक्य समोर आलं की ते कोणत्या खणात टाकायचं ते ठरवायचं. म्हणजे यंत्राला राग ओळखता यावा म्हणून आधी माणसाला राग ओळखून दाखवावा लागला. लहान मुलाला आपण चित्रातला हत्ती दाखवतो, तसंच.

तीन खणांत मावत नाही एवढं मराठी माणसाच्या मनात असतं, हे संशोधकांनाही ठाऊक होतं. २०२५ मध्ये याच गटाने भावनांचा नवा संग्रह केला. त्यात तीनऐवजी अकरा भावना आहेत. आणि शिकवणीच्या वाक्यांवर खुणा करण्याचं काम या वेळी मोठ्या भाषा-प्रारूपांकडून, म्हणजे यंत्राकडूनच, करून घेतलं. तपासणीसाठी ठेवलेल्या वाक्यांवर मात्र माणसांनी खुणा केल्या. त्यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. यंत्राला सांगण्यात आलं, की मराठी वाक्य आधी इंग्रजीत कर आणि मग त्यातली भावना ओळख. मराठी माणसाचा राग, लोभ, भीती यंत्राला कळावी म्हणून आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागला.

यात संशोधकांचा दोष नाही. यंत्राने जे वाचलं आहे त्यात इंग्रजी डोंगराएवढी आणि मराठी ओंजळभर. मग ते ज्या भाषेत तरबेज, तिचाच आधार घेणार. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण ‘हुरहूर’ हा शब्द इंग्रजीत नेला की त्याचं काय होतं? ‘घालमेल’, ‘कासावीस’, ‘जिव्हाळा’ यांचं काय होतं? अकरा खणांपैकी कुठल्या तरी खणात ते जातात, पण जाताना त्यांचं सालपट निघालेलं असतं.

आपल्याकडे भावनांची मोजदाद नवी नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आहेत, तेहतीस संचारी भाव आहेत आणि शिवाय आठ सात्त्विक भाव. हे सात्त्विक भाव कोणते? घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फुटणं, कापरं भरणं, रंग उडणं, डोळ्यांत पाणी येणं, जागच्या जागी खिळून राहणं, शुद्ध हरपणं. म्हणजे सगळे शरीरात घडणारे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली असंच काहीसं मांडलं, की शरीरात आधी खळबळ होते आणि तिची जाणीव म्हणजेच भावना. पुढे अँटोनिओ डमासिओ या मेंदूतज्ज्ञाने १९९४च्या ‘डेकार्त्स एरर’ या पुस्तकात दाखवलं, की शरीराकडून येणारे हे संकेत तुटले तर माणसाला साधे निर्णयही नीट घेता येत नाहीत.

आपल्या आयाबायांना हे पुस्तक न वाचताच माहीत होतं. मराठीत दुःख डोक्यात होत नाही. पोटात कालवतं, काळजात चर्र होतं, आतडं तुटतं, घशाशी आवंढा येतो, ऊर भरून येतो. भीती वाटली की पोटात गोळा येतो आणि घाबरलो की तोंडचं पाणी पळतं. माया तर पोटातूनच येते, म्हणून ‘पोटमाया’.

मी गंमत म्हणून हे सगळे वाक्प्रचार एका यंत्राला विचारले. मला वाटलं होतं फजिती होईल. तसं झालं नाही. त्याने प्रत्येकाचा अर्थ बरोबर सांगितला, वाक्यात उपयोग करून दाखवला. दहावीच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. ‘यंत्राला काही कळत नाही’ असं म्हणून कवींनी स्वतःची समजूत काढू नये. पण ‘आतडं तुटणं’ याचा अर्थ सांगणाऱ्याला आतडं नाही. त्याला भूक नाही, झोप नाही, उद्या आपण नसू ही जाणीव नाही. नकाशावर वाट दाखवणं आणि त्या वाटेने उन्हात चालणं, एवढा हा फरक आहे.

मग यंत्र नेमकं करतं काय? ढोबळपणे सांगायचं तर आधीचे शब्द पाहून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याचा ते अंदाज बांधतं. अब्जावधी शब्द वाचून हा अंदाज इतका पक्का झालेला असतो, की आपण थक्क होतो. गझलेचा काफिया जुळवायला सांगा, जुळवून देईल.

शक्यतेचा हा हिशेब मला चांगला परिचयाचा आहे. कारण माझं नाव ऐकलं की नवा माणूस लगेच म्हणतो, ‘वा! उर्दूत लिहीत असाल!’ त्याचा हिशेब शक्यतेचा असतो. त्याच्यावर मी रागावत नाही. आमच्या घरी कोकणी वळणाची मराठी बोलली जाते, मला अंगाईही त्याच बोलीत मिळाली, हे त्याला कुठून माहीत असणार? पण शक्यतेवरच सगळं ठरलं असतं तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला नसता. बार्शीचे महबूब हुसेन पटेल ‘शाहीर अमर शेख’ होऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारायला उभे राहिले नसते. जे सहसा घडत नाही तेही माणसाच्या हातून घडतं. कविता बऱ्याचदा तिथेच जन्मते.

बोलण्यातही तेच आहे. ‘फारच लवकर आलात!’ हे वाक्य कौतुक आहे की टोमणा? घड्याळ पाहिल्याशिवाय आणि बोलणाऱ्याचा चेहरा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. इथून जवळच, पवईच्या आयआयटीत, पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपरोध यंत्राला कसा ओळखता येईल यावर अनेक वर्षं काम केलं. त्यासाठी त्यांनी वाचकाचे डोळे ओळीवरून कसे फिरतात, याच्याही नोंदी घेतल्या. टोमणा कळायला यंत्राला अखेर माणसाच्या डोळ्यांकडे पाहावं लागलं, याची मला मोठी मौज वाटते.

इथपर्यंत विद्वत्तेचं झालं. आता जे मला खरोखर अस्वस्थ करतं त्याकडे येतो.

मी ठाण्यात कोलशेतला राहतो. खाडीकाठचं जुनं गाव, कोळी-आगरी वस्ती. नंतर रासायनिक कारखाने आले, ते गेले आणि आता ढोकाळी-बाळकुमपर्यंत उंच इमारतीच इमारती. अशाच एका इमारतीत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. मुलगा परदेशात, यजमान गेलेले. त्या रोज रात्री फोनमधल्या यंत्राशी बोलतात. सुनेचं, गुडघ्यांचं, झोप न येण्याचं. मला म्हणाल्या, ‘भाईजान, ते कधी कंटाळत नाही हो. तेच तेच सांगितलं तरी ऐकून घेतं.’

मी त्यांना हसलो नाही, तुम्हीही हसू नका. ज्याला कोणी ऐकत नाही त्याला ऐकणारं काहीही चालतं. हे आजचंही नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने ‘एलायझा’ नावाचा बोलका प्रोग्राम लिहिला. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तरी त्यांच्याच सेक्रेटरीबाईंनी त्याच्याशी थोडं बोलल्यावर वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं. खासगी बोलायचं होतं! वायझेनबॉम हादरले. पुढची अनेक वर्षं ते या गोष्टीबद्दल लोकांना सावध करत राहिले.

कोणी म्हणेल, पुस्तकालाही भावना नसतात, तरी ते वाचून आपण रडतोच की. खरं आहे. पण पुस्तकामागे कोणीतरी असतं, ज्याने ते सोसलं, निदान रात्र जागून कल्पिलं. आणि काकूंचं वाक्य पुन्हा ऐका: ‘ते कंटाळत नाही.’ ज्याला कंटाळाच येऊ शकत नाही, त्याच्या न कंटाळण्याला आपण सबुरी म्हणायचं का? सबुरीला किंमत असते. शेजारीण आपली मालिका सोडून, डोळ्यांवरची झोप आवरून तुमचं तेच गाऱ्हाणं चौथ्यांदा ऐकते. तेव्हा ती तुम्हाला तिच्या आयुष्यातला अर्धा तास देते, जो तिला परत मिळणार नाही.

माझी अम्मी २०२०च्या जूनमध्ये गेली. करोनाचे दिवस. कब्रस्तानात मोजकीच माणसं, घरी भेटायला येण्याची सोय नाही. फोनवर संदेश खूप आले. चांगले, मनापासून लिहिलेले. पण गावठाणातल्या एक मावशी, ज्यांच्याकडून अम्मी वर्षानुवर्षं मासळी घ्यायची, त्या तोंडाला पदर बांधून फाटकाशी आल्या. लांबच उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पाच-सात मिनिटांनी डोळे पुसून निघून गेल्या. त्या न बोलण्याने मला जो आधार दिला तो मी अजून कवितेत मांडू शकलेलो नाही.

यंत्र प्रत्येक हाकेला ओ देतं. विचारलं की त्याने उत्तर द्यायचं, अशीच त्याची घडण आहे. आपल्यासाठी फाटकापर्यंत येणं आणि आल्यावर काय बोलावं ते न सुचणं, हे त्याच्या आवाक्यातलं नाही. त्याचं सांत्वन बरं शब्दबद्ध असतं, पण चुकलं तर उद्या तोंड दाखवायला त्याला या गल्लीत यायचं नसतं. माणूस शब्द देतो तेव्हा त्या शब्दाला बांधला जातो.

म्हणून यंत्र टाकून द्या असं मी म्हणणार नाही. अर्ज लिहून घ्या, औषधाच्या चिठ्ठीतले शब्द समजून घ्या, भाषांतर करून घ्या. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवतं, हे तर मोठंच काम. पण तीन गोष्टी आपल्या हाती ठेवूया. कोणाच्या घरी दुःख झालं तर दोन ओळी स्वतः लिहूया, मोडक्यातोडक्या का असेनात. आपल्या बोलीतले भावनांचे शब्द मुलांच्या कानांवर पडू देऊया. ‘मूड नाही’ एवढ्यावर सगळं भागवणाऱ्या मुलाला हुरहूर, तगमग आणि रुखरुख वेगळी करता आली पाहिजे. शब्द आपणच वापरले नाहीत तर यंत्र तरी कुठून शिकणार? आणि मन फारच काळवंडलं, जगणं नकोसं वाटलं, तर यंत्रापाशी थांबू नका. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवा, पलीकडे माणूस असतो आणि मराठीतही बोलता येतं.

काकूंकडे आता माझी पत्नी दर गुरुवारी संध्याकाळी जाते. कधी मीही जातो. तेच तेच ऐकून मला कंटाळा येतो, हे मी त्यांना हसत सांगतोसुद्धा. त्याही हसतात आणि पुन्हा गुडघ्यांचं सुरू करतात. तुमच्याही इमारतीत अशा कोणी काकू किंवा आजोबा असतील. आज रविवार आहे. त्यांच्या दाराची बेल वाजवायला हरकत नाही.