चाकं बदलली, आता गाडीलाही कळू द्या

पुढची चाकं मागे, मागची पुढे करून घेतली आणि घरी येताना डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला: घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. तो हवेचा दाब रेडिओ लहरींनी कळवतो. इतर गाड्यांत असा सेन्सर नसतोच. तिथे एबीएसची यंत्रणा चाकांचा वेग मोजते. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं. चाकांच्या जागा बदलल्या की यंत्रणेचा जुना हिशेब चुकतो, म्हणून ती रीसेट करावी लागते.

रीसेटआधी हवा तपासाच, हे मी आग्रहाने सांगेन. हवा कमी असताना बटण दाबलंत, तर असा सेन्सर नसलेली गाडी तोच कमी दाब योग्य धरून बसते. टायर थंड असावेत, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असावी. दाबाचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका.

मग इग्निशन चालू करून रीसेटचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. बऱ्याच गाड्यांत ते स्क्रीनवरच्या मेन्यूत सापडतं. नंतर थोडा वेळ नेहमीच्या वेगाने गाडी चालवा.

गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून तसाच पेटता राहिला, तर दोष हवेचा नाही, यंत्रणेचा आहे. तेव्हा गॅरेज गाठा.