संगणकाचा पाया वहीवरच घाला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भोर-वेल्ह्याची मुलं पुण्याला कॉम्प्युटर सायन्स शिकायला जातात. पहिल्याच वर्षी इंग्रजी पुस्तक पाहून कित्येकांची छाती दडपते. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून काहीजण शाखाच सोडू पाहतात. त्यांना मी मिल-कामगार एवढंच सांगतो, ही विद्या मागावरून गेलेली आहे.

फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ साली नक्षी विणणारा माग केला. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तिथे खाली राही. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. हीच पुठ्ठ्यांची युक्ती पुढे इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली.

पाच बोटांना १, २, ४, ८, १६ अशी किंमत द्या. उघडी बोटं मोजा, मिटलेली सोडा. एका हातावर ० ते ३१ आकडे बसतात. द्विमान पद्धत ती हीच.

अकारविल्हे लावलेल्या हजार नावांत एक नाव शोधायचंय. एकेक वाचाल, तर हजार वेळासुद्धा पाहावं लागू शकेल. मधलं नाव पाहा, नको ती अर्धी यादी सोडा, पुन्हा मधलं पाहा. जास्तीत जास्त दहा वेळांत निकाल लागतो. अशा ठरीव पायऱ्यांनाच अल्गोरिदम म्हणतात. त्याला वही-पेन्सिल पुरते.

तेव्हा पायऱ्या आधी मराठीत लिहा, मग सी किंवा पायथनमध्ये. आणि आई-बापांनो, पहिल्या सहामाहीत एखादा विषय राहिला, तर पोरीला, पोराला माघारी बोलावू नका. पुढच्या वर्गातल्यांनी रविवारी इथे बसून धाकट्यांना शिकवावं, एवढीच विनंती.