वारेवरील पित्याचा ठसा



मराठीच्या प्राध्यापकाने गर्भविज्ञानावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा विषय शब्दापासूनच सुरू होतो. आपल्या लोधीखेड्यात गाय व्याली की ‘जार पडली का?’ असे विचारतात. बाळंतिणीच्या बाबतीत तिलाच ‘वार’ म्हणतात. वार ही सर्वस्वी आईची, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तिचा बहुतांश भाग गर्भाच्याच पेशींपासून घडतो. म्हणजे तिच्यात पित्याचाही अंश असतो.

तो अंश किती मोलाचा, हे १९८४ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी व त्यांचे सहकारी, तर फिलाडेल्फियात मॅकग्रा आणि सोल्टर यांनी फलित अंडपेशीतील केंद्रके बदलून पाहिली. दोन्ही केंद्रके मातेकडची असली, तर गर्भ काही काळ आकार घेई, पण वार खुरटी राही. दोन्ही पित्याकडची असली, तर वारेच्या ऊती वाढत आणि गर्भ खुंटे. दोन्ही प्रकारांत पिल्लू जन्मास येत नसे.

याचे कारण असे की, मनुष्याच्या सुमारे २०,००० जनुकांपैकी शंभरेकांवर अंडपेशी वा शुक्राणू घडतानाच एक रासायनिक ठसा उमटतो. अशा जनुकाची एक प्रत बोलते, दुसरी मूक राहते. अक्षर लिहिलेले असते, उच्चार मात्र होत नाही. पूर्ण द्राक्षगर्भात हेच दिसते. तेथे केंद्रकातील गुणसूत्रे बहुधा सारी पित्याकडचीच असतात; वार द्राक्षांच्या घोसासारखी फुगते, आणि बाळ नसतेच.

मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. नफिसा बालासिनोर व सहकाऱ्यांनी याच दिशेने अभ्यास केला. ज्या दांपत्यांत कारण न सापडता वारंवार गर्भपात झाले होते, त्यांतील पतींचे शुक्राणू त्यांनी तपासले. नेहमीच्या तपासणीत ते निर्दोष होते. तरीही ‘एच-१९’ जनुकाजवळचा ठसा काहींत फिका आढळला. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला.

गर्भपाताची कारणे अनेक. गुणसूत्रांतील दोष हे त्यांतील मोठे. म्हणून आता पतीला दोषी ठरवावे, असे मी म्हणत नाही. हा ठसा कोणी हेतुपुरस्सर उमटवीत नाही. परंतु आपली भाषा पाहा: ‘वांझ’, ‘हिची कूस उजवत नाही’, ‘हिच्या पोटी गर्भ ठरत नाही’. सारा बोल स्त्रीलाच! या शब्दांपायी किती सुनांना माहेरी धाडले गेले, किती घरांत सवत आली, याची नोंद कोणत्याही कोशात नाही.

शब्दांची सेवा करण्यात माझे आयुष्य गेले. त्या अधिकाराने एवढेच मागतो: ज्या घरी गर्भ टिकत नाही, तेथे ‘हिच्या पोटी’ हे शब्द उच्चारू नका. वैद्याकडे दोघांनीही जावे; दुःखही दोघांचे मानावे.