स्वस्त घराचें भाडें



प्रकाशाला राहून रोज नंदुरबारला नोकरीस जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे 'अपडाउनवाला' म्हणतात. शब्द मूळचा इंग्रजी खरा, पण आतां तो तापीकांठचाच झाला आहे. माझा एक पुतण्या या अपडाउनवाल्यांपैकीं. गेल्या वर्षीं त्याचें लग्न झालें आणि बिऱ्हाड कोठें करावें हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला. प्रकाशाला दोन खोल्यांचें भाडें तीन हजार रुपये, नंदुरबारला तशाच दोन खोल्यांचें सहा हजार. "काका, यांत विचार करण्यासारखें काय आहे? महिन्याला तीन हजार उघड उघड वाचतात!" असें तो म्हणाला. मीं त्याला वही आणावयास सांगितलें. जन्मभर फळ्यावर गणितें घातलेल्या माणसाची ही खोड सहसा जात नाहीं.

घरापासून त्याच्या कचेरीच्या दारापर्यंत जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर होतात. त्याची मोटारसायकल एका लिटरांत तेवढीच चालते. म्हणजे रोज एक लिटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांस पंचवीस लिटर. पेट्रोलनें लिटरला शंभर रुपयांची हद्द ओलांडली ती २०२१ सालीं. तेव्हां अडीच हजार तर येथेंच गेले. तेलपाणी, टायर, दुरुस्ती मिळून पांचशें धरले, तेही हात आखडून. राहिली गाडी उभी करण्याची जागा. कचेरी पडली भर बाजारांत. रस्त्यावर गाडी लावली तर ती उचलून नेली जाण्याची धास्ती, म्हणून तो पैसे घेणाऱ्या स्टँडवर ती ठेवतो. रोजचे दहा रुपये. हा आंकडा त्यानें वहींत लिहिलाच नव्हता. "दहा रुपयांचें काय एवढें?" म्हणाला. दहा रुपये पंचवीस वेळां दिले म्हणजे अडीचशें होतात. सगळी बेरीज तीन हजार दोनशें पन्नास! वांचलेले तीन हजार रस्त्यावरच सांडले, आणि वर अडीचशें पदरचे गेले.

आणि वेळ? रोजचा दीड तास, म्हणजे महिन्याला साडेसदतीस तास. कचेरींतले जवळजवळ पांच दिवस तो बिनपगारी गाडीवर बसून असतो. हिंवाळ्यांत अंधार पडल्यावर उसानें लादलेले ट्रॅक्टर मागें दिवा नसतांना या रस्त्यानें जातात. त्याची किंमत कोणत्या रकान्यांत मांडावी हें मला आजवर समजलेलें नाहीं.

हें गणित आमच्या गांवाला नवें. मुंबईला मात्र तें फार जुनें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हां कामाची जागा एकीकडे आणि निजण्याची जागा दुसरीकडे ही सोय प्रथम शक्य झाली. १८९६ च्या प्लेगानें मुंबईच्या दाट वस्तीचे दोष उघडे पाडले. १८९८ मध्यें शहर-सुधारणेसाठीं ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढें दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती वसल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत धांवूं लागली. या सगळ्या उपनगरी संसाराला तोलून धरणारी वस्तु जर कोणती असेल, तर ती रेल्वेचा मासिक पास. रोज सुटीं तिकिटें काढल्यास पंधरा दिवसांत जेवढे पैसे होतील, त्याहूनही कमी पैशांत महिनाभर प्रवास! डोंबिवलीचें घर स्वस्त, पण तें स्वस्त ठरतें त्या पासामुळें. तोच गृहस्थ रोज आपली मोटार घेऊन फोर्टांत जाऊं लागला, तर स्वस्ताई पहिल्या आठवड्यांतच आटोपेल. अर्थात् पासाचे राहिलेले पैसे मुंबईकर आपल्या बरगड्यांनीं भरतो, हें डब्याच्या दारांत लोंबकळणारी माणसें पाहिलेल्यांस सांगावयास नको.

आमच्याकडे आगगाडीची जागा एस. टी. घेते. तिच्या मासिक पासाला वीस दिवसांचें भाडें पडतें आणि प्रवास तीस दिवस करतां येतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धें तिकीट झालें. एकाच घरांतून एकाच गांवाला नवरा-बायको नोकरीला जात असलीं तरी दोघांचा हिशेब त्यामुळें वेगळा निघतो. मला स्वतःलाही पासष्टी उलटल्यामुळें अर्धेंच पडतें. म्हातारपणाचा एवढा एक लाभ नोंदवून ठेवतों. पण पुतण्याची कचेरी सुटते आणि बस गेलेली असते. पुढच्या बसची वाट पाहण्यांत त्याचा तास मोडतो. लोक मोटारसायकली केवळ हौसेनें घेतात असें म्हणणें म्हणूनच अन्यायाचें आहे.

आतां त्या दहा रुपयांकडे वळतों. चालणारें वाहन खर्च करतें हें सर्वांना दिसतें. उभें वाहनही खातें, हें लवकर ध्यानांत येत नाहीं. नगररचनाकार एका मोटारीस वळण्या-फिरण्यासह सुमारें २३ चौरस मीटर मोकळी जागा धरतात. म्हणजे जवळजवळ अडीचशें चौरस फूट. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतली खोली होती १६० चौरस फुटांची! गिरणी-कामगाराचें सबंध कुटुंब, पाहुणा-रावळा, बाळंतीण, सगळें त्यांत मावलें. आणि दिवसाचा बहुतेक वेळ निजून असणाऱ्या मोटारीला त्याच्या दीडपट जागा. ही तुलना मनांत आली म्हणजे मला अस्वस्थ वाटतें. चाळकऱ्यानें भाडें भरलें. रस्त्याकडेला मोटार ठेवणारा बहुधा कांहींच भरीत नाहीं. तें भाडें पायीं चालणारा आणि बसमध्यें अडकलेला, असे दोघे मिळून भरतात.

यावर जगानें उपाय शोधले नाहींत असें नाहीं. अमेरिकेंत ओक्लाहोमा शहरीं जुलै १९३५ मध्यें रस्त्यावर नाणें टाकण्याचें पहिलें यंत्र बसलें. भाडें पांच सेंट. जपाननें १९६२ मध्यें कायदाच केला, आधीं मोटार ठेवण्याची जागा दाखवा, मग मोटारीची नोंद. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१० मध्यें मुंबईच्या एका खटल्यांत निवाडा दिला कीं, इमारतीखालची व भोंवतालची उघडी वाहनाची जागा बिल्डरला निराळी विकतां येत नाहीं. ती सर्व रहिवाशांच्या सामाईक मालकीची. निवाडा न्याय्य, परंतु सामाईक जागा दहा आणि मोटारी तीस, तेव्हां काय करावें, हा तंटा गृहनिर्माण-संस्थांच्या सभांत अजून मिटलेला नाहीं. मला स्वतःला जपानी पद्धत पसंत आहे, जरी ती आमच्याकडे लागू केल्यास निम्म्या गांवाचा माझ्यावर रोष होईल.

पुतण्यानें चार दिवस वही जवळ ठेवली. पैशांनीं पारडें फारसें झुकत नव्हतें. त्याला थांबवीत होती त्याची आई. तिचें केदारेश्वराचें दर्शन रोजचें, आणि ती तापी सोडून कोठें जावयास तयार नाहीं. अखेर सूनबाईनेंच निकाल दिला. सात वाजतां काळोखांत रस्त्याकडे डोळे लावून बसणें आपल्याच्यानें होणार नाहीं, असें ती सासूला सरळ म्हणाली. सासूनें ऐकून घेतलें, आणि आपण थोरल्याजवळ राहतों असें सांगितलें. दोघांनीं कचेरीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर नंदुरबारला घर घेतलें. रविवारीं सकाळच्या एस. टी. नें येतात, आईबरोबर घाटावर जातात, संध्याकाळीं परततात.

नव्या घरमालकानें अंगणांत मोटारसायकल ठेवण्याचे महिना तीनशें रुपये वेगळे मागितले. तेव्हां जी गाडी दोन्हीकडे हवीच म्हणून तो सांगत होता, ती पहिल्याच रविवारीं माझ्याकडे आणून सोडली. सध्यां ती माझ्या ओट्याशीं उभी असते; जातां-येतां धोतर अडकतें. भाड्याची गोष्ट मीं अजून काढलेली नाहीं.